आम्ही बघितलेलं नाटक आणि समीक्षकांनी लिहिलेलं नाटक

मागच्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं की तुमच्या डोक्यातून न जाणारं नाटक कुठलं, आणि त्याच्याबद्दल समीक्षकांनी जे लिहिलंय ते तुम्हाला पटतंय का. खूप पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत, खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगल, शहापूर, आणि बहुतेकांचा सूर एकच आहे की आम्हाला आवडलं होतं, जाणकारांनी नावं ठेवलीत, मग आमचंच चुकलं का. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. पत्रं लांब होती ती थोडी कापलीत, मजकूर तुमचाच आहे.

खानापूर तालुक्यातून एक वाचक: मी प्राथमिक शाळेचा निवृत्त मास्तर. बघितलेल्या नाटकांबद्दल एका वहीत लिहून ठेवतोय, नातवंडांनी कधीतरी वाचावं म्हणून. सगळ्यात जास्त पानं 'नटसम्राट'वर आहेत. दत्ता भट यांचा बेलवलकर, म्हणजे घरदार पोरांना देऊन बसलेला तो म्हातारा नट, मी बेळगावात बघितला, आम्ही गावातनं बरेच जण ट्रकनं आलो होतो. माझ्या शेजारी आमच्या गावचे एक शेतकरी मामा बसलेले, त्यांनी त्याच वर्षी पोरांना वाटण्या करून दिल्या होत्या. मध्यंतरानंतर थोड्या वेळानं ते उठून बाहेर गेले ते परत आत आलेच नाहीत, नाटक सुटलं तेव्हा ट्रकपाशी उभे होते. अर्धी वाट सरल्यावर एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्याचं खरं हाय, पण सुनेचं बी थोडं खरं हाय की." परवा वाचनालयातनं नाट्यसमीक्षेचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात लिहिलंय की हे नाटक प्रेक्षकाला रडवायला बसलंय, भाषा फार नटवी आहे, मुलं एकाच रंगात रंगवलीत, आणि वर 'किंग लिअर'ची छाया. आता माझी ती पानं मलाच भाबडी वाटायला लागलीत. फाडून टाकू का?

उत्तर: गुरुजी, एक पान पण फाडू नका. उलट त्या मामांबद्दल अजून काय आठवत असेल तर ते पण लिहून काढा, कारण ते जगात दुसऱ्या कुणाकडे नाही.

आधी एक साधी गोष्ट बघा. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० ला मुंबईत झाला, गोवा हिंदू असोसिएशनचं नाटक, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दिग्दर्शन, बेलवलकर डॉ. श्रीराम लागू आणि त्याची बायको कावेरी शांता जोग. पेपरात परीक्षण येतं ते बहुतेक वेळा पहिल्या काही प्रयोगांचं. नंतर बेलवलकर बदलत गेले, दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त, आणि प्रत्येकाचा म्हातारा वेगळा. म्हणजे समीक्षकानं लिहिलंय लागूंचा बेलवलकर समोर ठेवून किंवा संहिता हातात घेऊन, आणि तुम्ही बघितलाय भटांचा, दौऱ्यावरचा, बेळगावच्या स्टेजवरचा. दौऱ्यावर नाटक येतं तेव्हा सेट गाडीत मावेल तेवढाच येतो, लाईट तिथं जे असतील ते, स्टेज लहान असलं तर नटाच्या हालचाली आखडतात, माईक दगा देतो. परीक्षणात ज्या नेपथ्याची तारीफ असते ते आपल्या वाट्याला कधीकधी निम्मंच येतं, आणि तरी प्रयोग रंगतो तो का रंगतो हे फक्त त्या दिवशी तिथं बसलेला माणूस सांगू शकतो. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टींबद्दल दोघं बोलताय तुम्ही, त्यात एकानं दुसऱ्यासमोर खाली मान घालायचं कारण काय?

आता मामांचं वाक्य घ्या. समीक्षकाचा आक्षेप काय, तर मुलं एकरंगी झालीत, त्यांची बाजू नाटकात नीट आलेली नाही. आणि मामा ट्रकमध्ये काय म्हणाले? सुनेचं बी थोडं खरं हाय की. गुरुजी, हा तोच मुद्दा आहे! ज्या माणसानं स्वतः वाटण्या करून दिल्यात, ज्याला पुढचं बघवलं नाही म्हणून जो उठून बाहेर गेला, त्याच माणसाला नाटकात कुठं उणं राहिलंय ते पण कळलं. आपण असं धरून चालतो की प्रेक्षक नुसता रडतो आणि विचार समीक्षक करतो, ते खरं नाही. रडता रडता माणूस विचार करत असतोय, फक्त तो छापून येत नाही. आणि अजून एक, समीक्षकाच्या मते हे नाटक रडवायला बसलंय, पण तुमचे मामा रडायला बसले नाहीत, ते उठून गेले. हा फरक तुमच्याच वहीत आहे, त्या पुस्तकात नाही.

मग पुस्तक ठेवून द्यायचं का, तर तसं पण नको. 'लिअर'चा मुद्दा वाचा आणि शांतपणे विचार करा. लिअर राजा आहे, राज्य वाटून देतो, त्याच्याकडे सत्ता होती. बेलवलकराकडे काय होतं, टाळ्या होत्या. घरदार देऊन झाल्यावर पण तो टाळ्यांच्याच भाषेत बोलतोय, म्हणून ती भाषा नटवी आहे. शिरवाडकरांनी शेक्सपिअर काही लपवला नव्हता, 'मॅकबेथ'चं 'राजमुकुट' त्यांनी आधीच केलं होतं. माझं मत विचाराल तर भाषेवरचा आक्षेप मला पटत नाही, कारण चाळीस वर्षं दुसऱ्यानं लिहिलेली वाक्यं बोललेला माणूस साधं बोलेलच कसा. मुलांबद्दलचा आक्षेप मात्र पटतो. तुम्ही पण असंच एकेक मुद्दा घेऊन ठरवा, सगळंच्या सगळं मान्य करायची किंवा झिडकारायची गरज नाही.

वहीबद्दल एक सुचवतो. 'अप्रतिम', 'डोळ्यांत पाणी आलं', 'टाळ्यांचा कडकडाट' हे शब्द असतील तिथं थांबा आणि त्या क्षणी नक्की काय झालं ते लिहा, नट कुठं उभा होता, किती वेळ गप्प राहिला, प्रेक्षकांत काय हललं. सोबत कोण होतं, तिकीट कितीचं, नाटक किती वाजता सुटलं, परत कसे गेलात. साल आणि तारीख आठवत नसली तर अंदाजानं ठोकून देऊ नका, जुने पेपर बघा, बरोबर आलेल्यांना विचारा, वि. भा. देशपांडे यांनी संपादित केलेला मराठी नाट्यकोश वाचनालयात मिळाला तर त्यातून नाटकाची माहिती ताडून घ्या. आणि समीक्षकाचं म्हणणं समोरच्या कोऱ्या पानावर लिहा, तुमच्या पानावर खाडाखोड करून नको. नातवंडं दोन्ही वाचतील.

निपाणीहून एक वाचक: 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी दाखवलाय हे सगळ्यांना माहीत. माझे वडील वखारीत हिशेब लिहायचे, त्यांनी हे नाटक बघितलं होतं आणि शेवटपर्यंत त्यावर बोलायचे. पण जिथं वाचावं तिथं प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका आणि फिरता रंगमंच, याच्यापुढं कुणी जातच नाही. आमच्या निपाणीबद्दल समीक्षकांना काहीच कसं सुचलं नाही?

उत्तर: कारण ते निपाणीत राहत नव्हते, दुसरं काही कारण नाही. अत्र्यांचं हे नाटक १९६२ सालचं, प्रत्यक्षात घडलेल्या फसवणुकीच्या खटल्यावर आधारलेलं, मो. ग. रांगणेकरांनी बसवलेलं. मुंबईच्या प्रेक्षकाला निपाणी म्हणजे लांबचं एक गाव, जिथला माणूस खरा की खोटा हे कोण बघायला जाणार, आणि फसवणाऱ्याला असंच गाव सोयीचं. पण निपाणीच्या प्रेक्षकासाठी हे सगळं उलटं होतं! तंबाखूचा व्यापारी म्हटल्यावर त्याची वखार कुठं, त्याच्याकडं कामाला बायका कुठल्या गल्लीतनं येतात, उधारी कुणाकडं थकलीय, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ. असल्या धंद्यात निम्मा व्यवहार शब्दावर चालतो. तुमचे वडील तर त्या शब्दांचेच आकडे वहीत मांडणारे. त्यामुळं लखोबा कोर्टात उभा राहून तोंडावर नाकारतो तेव्हा मुंबईच्या प्रेक्षकाला नटाची कमाल दिसली असेल, तुमच्या वडिलांना शब्द मोडणारा व्यापारी दिसला असेल. हे नुसतं गावाचं प्रेम म्हणून सोडून देऊ नका, ते नाटकाचा वेगळा अर्थ सांगतंय.

वडील नक्की काय बोलायचे ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, ते लिहून पाठवा. लखोबाची बोली त्यांना आपली वाटली का परकी? तो पागोट्यातला, कोटातला माणूस वखारीतल्या माणसासारखा बसत-उठत होता का? निपाणीची मराठी कोल्हापूरच्या जवळची, पण तिला कन्नडचा हेल आहे आणि तो हेल ज्याच्या कानात आहे त्यानंच सांगावं की पणशीकरांना तो कितपत साधला होता. ही परीक्षा मुंबई-पुण्याचा कुठलाही समीक्षक घेऊ शकला नसता.

आता दुसरी बाजू. पाच भूमिकांबद्दल सगळे लिहितात ते उगाच नाही. लखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री, राधेश्याम महाराज, एका नटानं चाल बदलायची, आवाज बदलायचा, भाषा बदलायची आणि तरी आतला ठक एकच आहे हे प्रेक्षकाला कळत ठेवायचं. आणि फिरता रंगमंच ही नुसती करामत नव्हती, साक्षीदार बोलायला लागला की कोर्टातून थेट त्या प्रसंगात जायचं आणि परत कोर्टात यायचं, ते पडदा पाडत बसलं असतं तर खटल्याची पकडच सुटली असती. मला स्वतःला या नाटकात खटकतं ते वेगळंच आहे. फसलेल्या बायका येतात, साक्ष देतात आणि जातात, नंतर त्यांचं काय झालं हे नाटकाला पडलेलं नाही, सगळी नजर त्या ठकावर. तुमच्या आईनं हे नाटक बघितलं असेल आणि ती हयात असेल तर तिला हे नक्की विचारा.

टिळकवाडीतून एक कॉलेजची विद्यार्थिनी: नाटक बघायच्या आधी रिव्ह्यू वाचावा की नंतर? तिकीट पाचशे रुपयांचं असतं, न वाचता जायला भीती वाटते.

उत्तर: पैशाची भीती खरी आहे बाळ, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आधी वाचायचंच असेल तर पहिले दोन परिच्छेद वाच, विषय काय, कोण आहेत, किती अंकी आहे एवढं कळलं की थांब. स्टार किती दिलेत ते बघूच नकोस, त्यातून काही समजत नाही. नाटक बघून आल्यावर त्याच रात्री, झोपायच्या आधी, फोनवर का होईना, तुला काय दिसलं ते चार ओळीत लिही, आणि मग दुसऱ्या दिवशी पूर्ण रिव्ह्यू वाच. हा क्रम उलटा झाला की दुसऱ्याची वाक्यं आपल्या तोंडात बसतात आणि मग आपल्याला खरंच काय वाटलं होतं हे आठवूनही आठवत नाही. आणि फक्त मोठ्या नावांची, दौऱ्यावर आलेली नाटकंच बघू नकोस, वरेरकर नाट्यसंघाकडं काय चाललंय, हौशी ग्रुप एकांकिका कधी करतात याची पण चौकशी ठेव. तिथं तिकीट परवडतं आणि प्रयोग झाल्यावर नटांशी बोलता येतं.

चिकोडीहून एक वाचक: मी चाळीस वर्षं नाटकं बघतोय. माझं स्पष्ट मत आहे की समीक्षकांना सामान्य माणसाला आवडतं ते कधीच आवडत नाही, त्यांना मुद्दाम विरुद्ध बोलायचं असतं. तुम्ही त्यांची बाजू का घेता?

उत्तर: मी बाजू घेत नाही, पण तुमचं मत मला मान्य नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पिढीतल्या नाटकांत आहे.

'घाशीराम कोतवाल' घ्या. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिला प्रयोग, तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. नाना फडणवीसांचं चित्रण आणि पुण्याच्या ब्राह्मणांचं चित्रण यावरनं एवढा गदारोळ झाला की १९ प्रयोगांनंतर संस्थेनंच ते थांबवलं, मग कलाकारांनी थिएटर अकॅडमी काढून ते परत उभं केलं. त्या गदारोळात समीक्षकांचा हात नव्हता, लोकांचा होता. त्या काळात, हे नाटक इतिहासाचं पुस्तक नाही, स्टेजवर रांगेनं उभ्या नटांची जी माणसांची भिंत होते तिच्याकडं बघा, ती कधी वाडा होते, कधी गर्दी होते, कधी पाठ फिरवून उभी राहते, हे सांगायला जाणकार लिहिणारे लागले. ते लिहिलं गेलं नसतं तर आपण आजपण फक्त नाना फडणवीसांवरच भांडत बसलो असतो.

याच्या उलट 'वस्त्रहरण'. गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक, मच्छिंद्र कांबळी, १९८० च्या सुमाराचं. सुरवातीला चाललं नाही. पु. ल. देशपांडे यांनी बघून मनापासून कौतुक केलं आणि मग गाडी धावायला लागली. म्हणजे लोकांच्या आवडीचं नाटक लोकांपर्यंत पोचायला एका जाणत्या माणसाचा शब्द कामी आला. पु.लं.नी आपल्या बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवलंय, म्हणून सांगायला जास्तच बरं वाटतं.

माधव मनोहरांसारखे समीक्षक अमुक मराठी नाटक कुठल्या परदेशी नाटकावरनं उचललंय ते शोधून काढायचे, नाटकवाल्यांना ते झोंबायचं. प्रेक्षकालाही वाटायचं की आमचा आनंद कशाला घालवता. पण तुम्ही पैसे देऊन बघितलेलं नाटक मूळ कुणाचं हे कळणं तुमचा हक्कच आहे की. कमलाकर नाडकर्णी कडक लिहायचे, पण ते स्वतः रंगभूमीवर काम केलेले, तालमीत घाम गाळलेले. एखाद्याचं मत पटलं नाही तर मताशी भांडा, त्याच्या हेतूवर जाऊ नका. वाईट परीक्षणं असतात, आळशी असतात, गोष्ट सांगून शेवटी 'प्रकाशयोजना पूरक' एवढं लिहून हात झटकणारी तर ढीगभर असतात, आणि त्यांच्यावर राग काढायला मी तुमच्या सोबत आहे.

बैलहोंगलहून एक वाचक: आमच्या घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मी मराठी नाटकं थोडी बघितलीत, पण सण्णाट म्हणजे आमच्याकडचं कन्नड लोकनाट्य, आणि गावोगाव फिरणाऱ्या कन्नड कंपन्यांची नाटकं लहानपणापासून रात्र रात्र जागून बघितलीत. माझ्या आठवणी मराठी मासिकात चालतील का? मराठी नाटकावर लिहिणारे आमच्या भागाचं नाव पण घेत नाहीत.

उत्तर: नुसत्या चालतील नाही, हव्यातच. आणि नाव घेत नाहीत असं म्हणताना एक भेद करा. रोजच्या परीक्षणात आपला भाग येत नाही हे खरं, पण रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांना आपल्याला टाळून पुढं जाताच येत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून सुचलेलं. त्याच १८४३ साली अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते तुमच्या शेजारच्या सौंदत्ती तालुक्यात, गुर्लहोसूरला. त्यांनी १८८० ला 'शाकुंतल' आणि १८८२ ला 'सौभद्र' आणलं आणि मराठी संगीत नाटक उभं राहिलं. गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले, इथंच अण्णासाहेबांच्या सहवासात आले, पुढं 'शारदा' त्यांनी लिहिलं. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श मंडळी १९०८ साली निघाली ती हुबळीत. ही सगळी माणसं दोन्ही भाषा कानात घेऊन वावरणारी होती.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो. 'सौभद्र'बद्दल वाचताना समीक्षक लिहितात की अण्णासाहेबांनी साकी, दिंडी, लावणीच्या चाली घेतल्या आणि कर्नाटकी चाली घेतल्या. त्यांच्या लेखात 'कर्नाटकी चाल' हे दोन शब्द येतात आणि वाक्य संपतं. कुठली चाल? कुठं गायली जायची, लग्नात की भजनात की पारिजाताच्या खेळात? तुम्ही 'श्रीकृष्ण पारिजात' रात्रभर ऐकलंय, ते आपल्याच जिल्ह्यातलं, 'संग्या बाळ्या' तर तुमच्या बैलहोंगल भागातल्या खऱ्या घटनेवरचं. तुमच्या कानात त्या चाली आहेत. 'सौभद्र'चं एखादं पद ऐकताना तुम्हाला ओळखीचं काही लागलं तर ते लिहा, चालीचे मूळ कन्नड शब्द आठवत असतील तर ते पण लिहा, आणि खात्री नसेल तर 'मला असं वाटतं' म्हणून लिहा. पुण्यातल्या अभ्यासकाला हे घरबसल्या मिळणार नाही.

एणगी बाळप्पांचं काम बघितलं असेल तर त्यावर वेगळं पत्र लिहा. सौंदत्तीजवळच्या एणगी गावचा हा माणूस, कंपनी नाटकात आयुष्य घातलेला, २०१७ साली वयाची शंभरी ओलांडून गेला, आणि मराठी वाचकाला त्यांचं नावही धड माहीत नाही. तेंडुलकरांनी गिरीश कर्नाडांचं 'तुघलक' मराठीत आणलं, खानोलकरांनी 'हयवदन' आणलं, म्हणून ती नाटकं आपण आपली म्हणून बघितली. कंपनी नाटकांना मात्र असं मराठीत आणणारं कुणी भेटलं नाही. तुमच्यासारख्या दोन्हीकडं बसलेल्या प्रेक्षकानं लिहिलं तरच ते मराठीत येणार. २०१५ साली बेळगावात ९५ वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन झालं, फैय्याज अध्यक्षा होत्या, गर्दी उसळली होती, तेव्हाही मला सारखं वाटत होतं की या मांडवात कन्नड कंपनीतला एखादा जुना नट बोलायला हवा होता.

शहापूरहून एक वाचक: माझ्या सासूबाईंना 'एकच प्याला' फार आवडतं. त्यांनी ते तरुणपणी बघितलंय आणि सिंधू म्हणजे त्यांच्या लेखी देवीच. मला ते नाटक वाचून चीड आली, नवरा दारू पिऊन संसाराचं वाटोळं करतो आणि ही सगळं सोसत बसते. समीक्षकांनी पण सिंधूबद्दल हेच लिहिलंय. सासूबाईंना ते वाचून दाखवलं तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना कसं पटवू?

उत्तर: पटवू नका. तुमचं मत बरोबर आहे असं मला वाटतं, सिंधूच्या सोसण्याला नाटकानं मखरात बसवलंय हा आक्षेप जुना आहे आणि खरा आहे. पण तुम्ही सासूबाईंना त्यांनी काय बघितलं हे विचारलंच नाही, त्यांच्यासमोर थेट निकाल वाचून दाखवला. त्या दुखावणारच ना.

'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ साली, बडोद्यात, गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते, त्यांना प्रयोग बघायला मिळाला नाही, पदं पण वि. सी. गुर्जरांनी केली. सिंधू होते बालगंधर्व. शालू आणि दागिन्यांसाठी ज्यांच्याकडं लोक बघायचे त्यांनी ठिगळं लावलेलं लुगडं नेसून स्टेजवर यायचं, हा तेव्हाच्या प्रेक्षकाला धक्का होता. त्या प्रयोगाची फिल्म कुठं नाही. बालगंधर्वांची सिंधू कशी होती हे आपल्याला कळतं ते सगळं बघणाऱ्यांच्या आठवणींतून, समीक्षक पण त्याच आठवणींवर उभे आहेत. सासूबाईंनी अर्थात नंतरचा प्रयोग बघितला असणार, सिंधू बाई असेल, ती कोण होती हे पण विचारा. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, नाटकाचं वेड तिथं पिढ्यानपिढ्यांचं, त्यांच्या सासरी-माहेरी कोण नाटकं बघायचं, बायकांना बसायची सोय कुठं असायची, घरून परवानगी कशी मिळायची, हे सगळं त्यांच्याकडं असणार.

आणि एक नेमका प्रश्न विचारा, गीता आठवते का. तळीरामाची बायको. तिचा नवरा पण दारुडाच, पण ती गप्प बसत नाही, फाडफाड बोलते. एकाच नाटकात गडकऱ्यांनी दोन दारुड्यांच्या दोन बायका समोरासमोर ठेवल्यात आणि देवी एकीलाच केलंय. सिंधूवर लिहिताना समीक्षक गीतेशी तुलना करतात, पण त्या वेळी प्रेक्षकांतल्या बायका कुणाच्या वाक्याला हसल्या, कुणाच्या वाक्याला मान डोलावली, कुठल्या वाक्यावर शेजारणीचा हात दाबला, हे पुस्तकात नाही. ज्या घरात दारू होती त्या घरातल्या बाईला उघड्या स्टेजवर ते सगळं दिसणं म्हणजे काय होतं, हे तुम्हाला आणि मला वाचून कळणार नाही. सासूबाईंना सिंधू देवी वाटली ती तिनं सोसलं म्हणून, की तिचं सोसणं निदान चारचौघांना दिसलं म्हणून? मला हे खरंच जाणून घ्यायचंय.

त्यांनी सांगितलं तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, मधे तुमचं मत घालू नका, तुमचं मत वेगळ्या कागदावर लिहा. दोन्ही पाठवलंत तर दोन्ही शेजारी शेजारी छापू.